प्रोकॅल्सिटोनिन ४२ आलंय, मग आई किती सिरियस आहे?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारे ३४ वर्षांचे, सोलापुरात पूर्व भागात राहतात, टॉवेलच्या कारखान्यात हिशोब बघतात. आई ६१ वर्षांच्या, सगळं आयुष्य विड्या वळण्यात गेलं, बरीच वर्षं शुगर आहे. हुडहुडी भरून ताप आला, दोन दिवस मेडिकलमधनं आणलेल्या गोळ्यांवर काढले, तिसऱ्या दिवशी आई बरळायला लागल्या आणि बीपी ९०/५० झालं म्हणून एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत ठेवलं. पहिल्या दिवशी प्रोकॅल्सिटोनिन ४२, पांढऱ्या पेशी २१,०००, प्लेटलेट ९२,०००, क्रिएटिनिन २.१, बिलिरुबिन १.४, लॅक्टेट ३.४. तिसऱ्या दिवशी तेच आकडे अनुक्रमे १९, १७,०००, ८८,०००, १.५, ०.९ आणि १.६. सीआरपी मात्र १८.६ वरून २१० वर गेलं. ब्लड कल्चर आधी 'नो ग्रोथ', मग ई. कोलाय, ईएसबीएल, आणि रिपोर्टवर आठ ठिकाणी लाल अक्षरात 'आर'. पुण्यातले आयटीवाले दादा रोज व्हिडिओ कॉलवर रिपोर्ट मागतात, म्हणतात सीआरपी दहा पट झालंय, आईला ताबडतोब पुण्याला हलवू. इथले डॉक्टर म्हणतात सुधारतायत, उद्या प्रोकॅल्सिटोनिन करायची गरज नाही. त्या एका टेस्टला २,४०० रुपये लागतात. मावशी म्हणते रक्तात जंतू झाले म्हणजे माणूस हातचं गेलं. "आधी एवढ्या टेस्ट केल्या आणि आता नको म्हणतात, मग आधी बिल वाढवत होते की आता लक्ष देत नाहीत? आणि आई नक्की किती सिरियस आहे हे कुठल्या आकड्यावर धरायचं?" पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ: "सोनोग्राफीत उजव्या बाजूला मुतखडा अडकलेला दिसला, त्याच रात्री स्टेंट टाकला."

नमस्कार भाऊ,

तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी दोन ओळी कळवल्या होत्या, की घाईने गाडी करून निघू नका, आधी डॉक्टरांशी बसून बोला. आयसीयूतला पेशंट काही सदर यायची वाट बघत बसत नाही. आता आईंना वॉर्डात आणलंय असं तुम्ही कळवलंत म्हणून निवांत लिहितेय, आणि अशीच रिपोर्टची फाइल काखेत घेऊन आयसीयूच्या बाहेर बाकड्यावर बसलेल्या बाकीच्यांसाठी पण. एक आधीच सांगते, माझं आयुष्य मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये गेलंय, आईंना तपासणारे डॉक्टर त्यांना डोळ्याने बघतायत आणि मी फक्त कागद बघतेय, त्यामुळे ट्रीटमेंटचा शेवटचा शब्द त्यांचाच.

तर तुमचा प्रश्न, कुठल्या आकड्यावर धरायचं. मला वाटतं घोळ इथेच सुरू होतो, की असा एक आकडा असतो असं आपण धरून चालतो. शुगरचं कसं, एकच आकडा, जास्त म्हणजे वाईट, त्याची घराघरात सवय झालीये. रक्तातल्या इन्फेक्शनचं तसं नाहीये ओ. लॅबमधून जे कागद येतात ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं असतात. कल्चर (रक्तातला जंतू उगवतो का ते बघायची टेस्ट) सांगतं जंतू कोणता आणि त्याला कुठलं औषध लागू पडेल. प्रोकॅल्सिटोनिन आणि सीआरपी सांगतात शरीरात किती खळबळ माजलीये आणि ती शमतेय का. आणि क्रिएटिनिन (किडनी), बिलिरुबिन (लिव्हर), प्लेटलेट, लॅक्टेट (शरीरात रक्त नीट पोचतंय का) हे सांगतात की या सगळ्यात आईंचे अवयव कसे टिकून आहेत. "किती सिरियस" याचं उत्तर मुख्यतः या तिसऱ्या गटात असतं, आणि पत्रात तुम्ही नेमकं त्यालाच सगळ्यात कमी जागा दिलीत, एका ओळीत आकडे लिहिले आणि पुढे गेलात.

आधी ते ४२ घेऊ, कारण तुमची झोप त्याने उडवलीये. रिपोर्टच्या खाली छापलेलं असतं, २ च्या वर गेलं तर सेप्सिसची (इन्फेक्शनमुळे अवयव बिघडायला लागण्याची) शक्यता जास्त, १० च्या वर गंभीर. ते वाचून दादांनी हिशोब केला की १० ला गंभीर तर ४२ म्हणजे चौपट गंभीर. असा हिशोब होत नाही. ई. कोलाय ज्या गटातला आहे त्या ग्रॅम निगेटिव्ह जंतूंमध्ये प्रोकॅल्सिटोनिन एरवीच खूप वर उडी मारतं, लघवीच्या मार्गातून इन्फेक्शन रक्तात गेलं की असे मोठे आकडे लॅबमध्ये नेहमी दिसतात आणि ती माणसं आठवड्याभरात घरी पण जातात. उलट एखाद्याचं ३ असतं आणि बीपी औषधाशिवाय टिकत नसतं. शिवाय मोठं ऑपरेशन, भाजणं, अपघात यात जंतू नसतानाही ते वाढतं, आणि किडनी मंदावली असली की उतरायला पण वेळ लावतं. म्हणून तर २०२१ च्या आंतरराष्ट्रीय सेप्सिस गाइडलाइनमध्ये अँटिबायोटिक सुरू करायचं का नाही हे प्रोकॅल्सिटोनिन बघून ठरवू नका असं सांगितलंय, पेशंट बघून ठरवा. त्याचा खरा उपयोग उतरताना होतो. इन्फेक्शन आटोक्यात आलं की ते साधारण दिवसाला निम्मं होत जातं, आणि सगळ्यात वरच्या आकड्यापेक्षा ८० टक्के खाली आलं किंवा ०.५ च्या खाली गेलं, आणि पेशंट पण बरा दिसत असला, तर अँटिबायोटिक थांबवायचा विचार करता येतो. आईंचं ४२ वरून १९ झालं म्हणजे दिशा बरोबर आहे. आता ते उद्या १२ येतंय का १० याने काहीच बदलणार नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी नको म्हटलं. तुमचे २,४०० वाचवले त्यांनी, आणि तुम्ही त्यांच्यावरच संशय घेतलात!

आता सीआरपी. पत्रासोबत तुम्ही दोन्ही रिपोर्टचे फोटो पाठवलेत ते बरं केलंत. पहिला रिपोर्ट ॲडमिट व्हायच्या आधी घराजवळच्या लॅबमधला आहे, दुसरा हॉस्पिटलच्या लॅबचा. पहिल्यावर आकड्याच्या पुढे बारीक अक्षरात युनिट बघा, मिलिग्रॅम पर डेसिलिटर. दुसऱ्यावर मिलिग्रॅम पर लिटर. एका लिटरमध्ये दहा डेसिलिटर, म्हणजे पहिला १८.६ हा दुसऱ्या लॅबच्या भाषेत १८६. तर आईंचं सीआरपी १८६ वरून २१० झालंय, १८ वरून २१० नाही. पुण्याला गाडी करायला निघालेलं हे दहा पट प्रकरण एवढंच आहे. दादांना मी दोष देत नाही, व्हॉट्सॲपवर आलेल्या तिरक्या फोटोत युनिट कोण बघतं, पण फाइल ठेवणाऱ्या सगळ्यांना सांगतेय, दोन लॅबचे आकडे शेजारी मांडायच्या आधी युनिट आणि नॉर्मल रेंज दोन्ही बघायचं, आणि शक्यतो रोजची तुलना एकाच लॅबच्या रिपोर्टमध्ये करायची.

बरं पण १८६ चं २१० तरी का झालं, सुधारतायत तर कमी व्हायला हवं ना? सीआरपी लिव्हरमध्ये तयार होतं, ते चढायलाच सहा ते बारा तास घेतं आणि शिखरावर पोचायला दीड-दोन दिवस. आपल्याकडे नळाचं पाणी जाऊन तास झाला तरी टाकी भरलेलीच असते ना, तसं, जंतू मार खायला लागले तरी आधी बनलेलं सीआरपी रक्तात फिरतच असतं. प्रोकॅल्सिटोनिन तीन-चार तासात हलायला लागतं आणि लवकर उतरतं. त्यामुळे तिसऱ्या दिवशी एक खाली आणि दुसरं किंचित वर हे चित्र अजिबात विचित्र नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी सीआरपी वरच चढत असतं तर मी पण म्हटलं असतं की कुठेतरी पू साठलाय का शोधा.

मावशींचं "रक्तात जंतू झाले" यावर जरा थांबते, कारण हे वाक्य मी लॅबच्या खिडकीत फार ऐकलंय. लोकांच्या डोळ्यासमोर येतं ते रक्त जंतूंनी खदखदतंय असं. प्रत्यक्षात मोठ्या माणसाच्या ब्लडस्ट्रीम इन्फेक्शनमध्ये कितीतरी वेळा एका मिलीलीटर रक्तात एखादाच जिवंत जंतू सापडतो, कधी तेवढाही नाही. म्हणूनच तर कल्चरला एका बाटलीत ८ ते १० मिली रक्त घेतात, दोन वेगवेगळ्या हातांतून दोन सेट, चार बाटल्या, आणि नातेवाईक भांडतात की आधीच अशक्त माणूस, एवढं रक्त कशाला ओढताय. चाळीस मिली म्हणजे अंगातल्या रक्ताचा शंभरावा भाग पण नाही, पण कमी घेतलं तर तो एखादा जंतू बाटलीत येतच नाही आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो. दोन हातांतून का, तर कातडीवरचे निरुपद्रवी जंतू सुईबरोबर बाटलीत शिरतात, एकाच सेटमध्ये असला कातडीचा जंतू उगवला तर बहुतेक वेळा तो पेशंटच्या रक्तातला नसतो. ई. कोलायचं मात्र तसं नाही, तो एका बाटलीत जरी आला तरी खराच धरायचा.

आणि 'नो ग्रोथ' वरून दादा म्हणाले होते की जंतूच नाहीत तर एवढं हेवी अँटिबायोटिक कशाला. तो २४ तासांचा अंतरिम रिपोर्ट होता हो. मशीनमध्ये बाटली पाच दिवस ठेवतात, खरे जंतू बहुतेक पहिल्या एक-दोन दिवसात उगवतात, पण आईंनी आधी दोन दिवस गोळ्या घेतलेल्या, त्याने जंतू अर्धमेले होतात आणि उगवायला उशीर लावतात, किंवा उगवतच नाहीत. सेप्सिसच्या कितीतरी पेशंटचं कल्चर शेवटपर्यंत निगेटिव्हच राहतं आणि तरी त्यांना सेप्सिस असतो. तेव्हा कल्चर पॉझिटिव्ह म्हणजे जास्त सिरियस आणि निगेटिव्ह म्हणजे काही नाही, हे दोन्ही डोक्यातून काढा. खरं तर कल्चर पॉझिटिव्ह येणं ही उपचाराच्या दृष्टीने सोय असते, अंदाजाने औषध द्यावं लागत नाही.

तीच गोष्ट त्या आठ लाल 'आर'ची. 'आर' म्हणजे रेझिस्टंट, ते औषध या जंतूवर चालत नाही. ईएसबीएल म्हणजे तो जंतू असं एन्झाइम बनवतो की सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारखी नेहमीची इंजेक्शनं त्याच्यावर चालत नाहीत. म्हणजे औषध निवडायला कठीण, आई जास्त आजारी असं नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. योग्य औषध पहिल्या दिवसापासून चालू असेल तर त्या 'आर'ने आईंचं काही बिघडत नाही, आणि आईंना पहिल्यापासून मेरोपेनेम चालू होतं, ज्याच्यापुढे रिपोर्टवर 'एस' आहे, म्हणजे ते चालतं. (त्याच्या शेजारच्या छोट्या आकड्यांची तुलना करत बसू नका, एका औषधाचा ०.२५ आणि दुसऱ्याचा २ म्हणून पहिलं आठ पट भारी असं नसतं, प्रत्येक औषधाची पट्टी वेगळी.) मेडिकलमध्ये जाऊन "तापावर काहीतरी स्ट्राँग द्या" म्हणायची आपल्या गावाची सवय या लाल अक्षरांना बऱ्यापैकी जबाबदार आहे, पण तो विषय काढला तर सदर तिथेच संपेल.

आता मुख्य. २०१६ साली सेप्सिसची व्याख्याच बदलली, नुसता ताप आणि पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणजे सेप्सिस नाही, इन्फेक्शनमुळे अवयव बिघडायला लागले तर सेप्सिस. ते मोजायला सोफा नावाचा स्कोअर आहे, आयसीयूवाले रोज वापरतात. सहा गोष्टी: फुप्फुस, प्लेटलेट, लिव्हर, बीपी, मेंदू, किडनी. प्रत्येकाला शून्य ते चार, एकूण चोवीस. तुमच्या आईंचे आकडे घेऊन मी कागदावर मांडलं. पहिला दिवस: प्लेटलेट एक लाखाच्या खाली म्हणून २, क्रिएटिनिन २ च्या वर म्हणून २, बिलिरुबिन १.४ चा १, बीपी खाली म्हणून १, बरळत होत्या त्याचा १, ऑक्सिजन साध्या हवेवर चांगला होता म्हणून ०. झाले ७. तिसरा दिवस: प्लेटलेटचे तेच २, क्रिएटिनिन १.५ चा १, बाकी सगळं शून्य. झाले ३. तुम्हाला एकच आकडा हवा होता ना, तर हा घ्या, ७ वरून ३. आणि इथेही त्या ३ पेक्षा सात वरून तीन होणं महत्वाचं.

पहिल्या दिवशी आई सिरियस होत्या का? होत्या, मी गोड बोलणार नाही. आधीच्यापेक्षा सोफा दोनने जरी वाढला तरी हॉस्पिटलमध्ये दगावण्याचं प्रमाण साधारण १० टक्क्यांच्या घरात जातं, आणि तुमच्याकडे सात होते. पण सलाइनने बीपी वर आलं, बीपी टिकवायचं इंजेक्शन लावावं लागलं नाही. ते लावावं लागलं असतं आणि भरपूर सलाइन देऊनही लॅक्टेट २ च्या वर राहिलं असतं तर त्याला सेप्टिक शॉक म्हणतात, तिथे हे प्रमाण ४० टक्क्यांच्या वर जातं. आई त्या रेषेच्या अलीकडे होत्या. लॅक्टेट ३.४ वरून १.६ झालं ही माझ्या मते तुमच्या फाइलमधली सगळ्यात चांगली ओळ, कारण शरीरात रक्त नीट पोचत नसलं की ते वाढतं, पोचायला लागलं की उतरतं. अर्थात लॅक्टेटला पण नखरे आहेत, दंडाला पट्टा घट्ट बांधून ठेवला, सँपल बाहेर तासभर पडून राहिलं, नेब्युलायझरमध्ये साल्ब्युटामोल दिलं, किंवा शुगरची मेटफॉर्मिन चालू असताना किडनी बसली, तरी ते वाढतं. म्हणून अनपेक्षित आकडा आला की डॉक्टर लगेच दुसरं सँपल पाठवतात, त्याला बिल वाढवणं म्हणू नका.

प्लेटलेट ९२ चे ८८ हजार झाले म्हणून तुम्ही घाबरलात आणि कुणीतरी पपईच्या पानांचा रस सुचवला. प्लेटलेट कमी म्हणजे डेंग्यूच असं आपल्याकडे गणित झालंय, पण सेप्सिसमध्ये पण त्या पडतात आणि सावरायला सगळ्यात शेवटी सावरतात, बाकी सगळं सुधारल्यावर चार-सहा दिवसांनी. रक्तस्राव नसेल तर ८८ हजारांना काही करावं लागत नाही. रस ठेवा बाजूला, शुगरच्या पेशंटला उलट्या नकोत. पांढऱ्या पेशींचं एवढंच सांगते की २१ हजारांपेक्षा आम्हाला ३ हजारांचा रिपोर्ट जास्त घाबरवतो, शरीर लढायलाच उठलं नाही असा त्याचा अर्थ असू शकतो.

दोन टेस्ट अशा आहेत ज्यांचं बिल येत नाही. एक लघवी. पिशवीत तासाला किती जमते बघा, वजन साठ किलो असेल तर तासाला निदान तीस मिली यायला हवी, क्रिएटिनिन बदलायच्या कितीतरी आधी ही कमी होते. दुसरी, शुद्ध. आणि इथे तुम्ही कुठल्याही मशीनपेक्षा भारी आहात. तुम्ही लिहिलंय की आई घरात तेलुगूच बोलतात, मराठी समजतं पण कामापुरतं. आता आयसीयूत नर्सने मराठीत विचारलं "मावशी, कुठे आहात तुम्ही?" आणि त्या गप्प राहिल्या, तर त्या भांबावल्यात का भाषा कळली नाही का नुसत्या चिडल्यात, हे नर्सला कसं कळणार? तुम्ही तेलुगूत नातवाचं नाव विचारलंत आणि त्यांनी चुकीचं सांगितलं तर ती खरी खबर, पळत जाऊन सांगायची. दुसऱ्या दिवशी दुपारी "चहात साखर का नाही" म्हणून त्या तुमच्यावर ओरडल्या असं लिहिलंयत, ते वाचून मला हायसं वाटलं, तेव्हाचे रिपोर्ट यायचे होते अजून.

आता ती शेवटची ओळ. अहो, मुतखडा मूत्रनळीत अडकला होता, वरती लघवी तुंबून त्यात पू झाला होता, हे तुमच्या अख्ख्या पत्रातलं सगळ्यात मोठं कारण आणि त्याच रात्री स्टेंट, म्हणजे लघवीला वाट करून देणारी बारीक नळी, टाकून निचरा केला हा सगळ्यात मोठा उपचार, आणि तुम्ही ते जाता जाता लिहिलंत! तुंबलेल्या पुवात अँटिबायोटिक नीट पोचत नाही. निचरा झाला नसता तर मेरोपेनेम चालू असूनही आकडे वर-खाली होत राहिले असते आणि दादा रोज प्रोकॅल्सिटोनिन मागत राहिले असते. तेव्हा ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांनी डॉक्टरांना पहिलं हे विचारा की इन्फेक्शन निघालं कुठून, आणि तिथली अडचण दूर झाली का. सोनोग्राफीला वेळ लावून रोज प्रोकॅल्सिटोनिनसारख्या महागड्या टेस्ट पाठवणं चाललं असेल तर मात्र तुम्ही नक्की आवाज करा, तिथे मी तुमच्या बाजूने आहे.

बिलाचा संशय यायलाच नको असं मी म्हणत नाही. आयसीयूच्या पाकिटात रोज तेच दहा रिपोर्ट पडत असतील तर विचारायचा तुम्हाला हक्क आहे. पण "परत कशाला?" असं विचारू नका, त्याने डॉक्टर बचावात जातात. "ही टेस्ट चांगली आली तर काय बदलणार आणि वाईट आली तर काय?" असं विचारा. दोन्हीचं उत्तर "काही नाही" असेल तर ती टेस्ट थांबवता येते, आणि बरेच डॉक्टर ऐकतात. तसंच "आज कालपेक्षा कुठला अवयव सुधारला, कुठला नाही" हे रोज एकदाच, एकाच माणसाने विचारायचं. घरातले सहा जण सहा वेळा विचारतात आणि संध्याकाळपर्यंत सहा आजार तयार होतात. पैशाचं जड जात असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ते हॉस्पिटल आहे का बघा, योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसलेला असतो, रेशन कार्ड घेऊन पहिल्याच दिवशी त्याला भेटा, डिस्चार्जच्या दिवशी नव्हे.

आणि दादांचं काय करायचं. पुण्याला नेणं कधी बरोबर असतं? बीपीचं औषध वाढवत न्यावं लागतंय, डायलिसिस किंवा व्हेंटिलेटर लागतोय आणि आहे त्या हॉस्पिटलमध्ये सोय नाही, निचरा करायला युरोलॉजिस्ट नाही, कल्चरप्रमाणे औषध देऊनही दोन-तीन दिवसात अवयव सुधारत नाहीत. तेव्हाही आधी सोलापुरातच बघा, सिव्हिल आहे, मेडिकल कॉलेज आहे, मोठे आयसीयू आहेत. सुधारत असलेल्या पेशंटला अडीचशे किलोमीटर, चार-पाच तास ॲम्ब्युलन्समध्ये घालण्यात धोकाच जास्त, आणि एका आकड्यासाठी तर मुळीच नाही. पण मला वाटतं दादांचा प्रॉब्लेम सीआरपी नाहीये. ते तिकडे बसलेत, आईच्या अंगाला हात लावून बघता येत नाही, त्यांच्याकडे फक्त पीडीएफ येतात, मग ते पीडीएफशीच भांडणार. त्यांना रिपोर्टच्या आधी रोज आईंचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पाठवा, बोलताना, चहा पिताना. आणि त्यांच्या ओळखीच्या पुण्यातल्या डॉक्टरांचं सेकंड ओपिनियन हवं असेल तर खुशाल घेऊ दे, फक्त त्या डॉक्टरांना इथल्या डॉक्टरांशी थेट फोनवर बोलू द्या, मध्ये तुम्ही दोघे भाऊ नको.

तुम्ही हळूच विचारलंयत की ते दोन दिवस घरी काढले त्याने बिघडलं का. काही प्रमाणात, हो. शुगर असलेल्या माणसाला हुडहुडी भरून ताप आला की त्याच दिवशी डॉक्टर, आणि बरळणं, धाप लागणं, लघवी कमी होणं यातलं काही दिसलं तर त्याच तासाला, रात्र असली तरी. हे आता शेजारीपाजारी पण सांगा. पण ज्या सकाळी त्या बरळल्या त्याच सकाळी तुम्ही उचललंत, यावर मी तुम्हाला आणखी काही ऐकवणार नाही.

पुढचं बघू. दादा "रक्त क्लीन झालं का" म्हणून परत ब्लड कल्चर मागतील. ई. कोलायमध्ये निचरा झालाय, ताप गेलाय, आई बऱ्या दिसतायत, तर ते सहसा लागत नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियस असता तर निगेटिव्ह येईपर्यंत परत परत करावंच लागलं असतं, त्या जंतूची गोष्ट निराळी. इंजेक्शनं किती दिवस हा पण वाद होईल. २०२४ मध्ये बॅलन्स नावाचा मोठा अभ्यास छापून आला, साडेतीन हजारांवर पेशंट, ऑरियस वगळून बाकी ब्लडस्ट्रीम इन्फेक्शनला ७ दिवस आणि १४ दिवस अँटिबायोटिक दिलं तर निकाल सारखेच, म्हणून डॉक्टर सात म्हणाले तर कमी देतायत असं समजू नका, चौदा म्हणाले तर का ते विचारा, कारण असू शकतं.

डिस्चार्जच्या वेळी नुसती समरी घेऊन निघू नका. कल्चरचा फायनल रिपोर्ट, त्या लाल 'आर'सकट, वेगळा मागून घ्या आणि मोबाइलमध्ये फोटो ठेवा, पुढच्या वेळी आईंना कुठलंही इन्फेक्शन झालं तर तो कागद पहिल्यांदा दाखवायचा. क्रिएटिनिन आठवड्याने परत करा, एकाच लॅबमध्ये. मेटफॉर्मिन बंद केली असेल तर कधी सुरू करायची ते लिहून घ्या, मनाने नाही. आणि तो स्टेंट आत आहे हे विसरू नका. दुखणं थांबलं की लोक विसरतात, वर्ष-वर्ष काढत नाहीत, मग त्याच्यावरच खडा चढतो आणि काढायला मोठं ऑपरेशन लागतं. सहसा काही आठवड्यात, फार तर तीन महिन्यांत तो काढतात किंवा बदलतात, खडा पण तेव्हाच बघतात. तारीख युरोलॉजिस्टकडून समरीवर लिहून घ्या, आणि तुमच्या व दादांच्या, दोघांच्या मोबाइलमध्ये रिमाइंडर लावा.